विनंती अडकते नेमकी कुठे?

एका ग्रंथालयाने आपल्या जुन्या मासिकांची पाने स्कॅन करून ठेवली होती. त्यातली ६,००० पाने जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सगळ्या पानांसाठी एकदम विनंत्या पाठवायच्या आणि जसजसे पान हाती येईल तसतसे ते डिस्कवर लिहायचे, इतकेच त्याचे काम होते. पहिली पाच मिनिटे पाने भराभर उतरली. त्यानंतर एकाच सेकंदात २,३०० विनंत्या फसल्या आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, २,३०० ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत ‘त्रुटी’ हा शब्द होता, त्यापुढे दोन टिंबे होती आणि त्यापुढे काहीही नव्हते. सर्व्हर मात्र व्यवस्थित चालू होता. फसलेल्यांपैकी कोणतेही पान ब्राउझरमध्ये उघडले की ते लगेच दिसत होते.

हा दोष सापडायला माझा अख्खा दिवस गेला. त्या दिवशी कळलेल्या आणि नंतरही वारंवार उपयोगी पडलेल्या गोष्टी इथे मांडतो आहे. उदाहरणे पायथनच्या असिंकआयओ या भागातली आणि एआयओएचटीटीपी या लायब्ररीतली आहेत. पण जावास्क्रिप्ट किंवा अन्य भाषेत काम करणाऱ्यांनाही यातले बहुतेक दोष ओळखीचे वाटतील, कारण ते भाषेचे नसून वाट पाहण्याच्या पद्धतीचे आहेत.

असिंक्रोनस म्हणजे काय, हे पिठाच्या गिरणीवरून चटकन कळते. दळणाचा डबा गिरणीत देऊन पीठ होईपर्यंत तिथेच उभे राहणे ही एक रीत झाली. डबा ठेवून भाजी आणायला जाणे, वाटेत वीजबिल भरणे आणि परतताना पीठ घेऊन येणे ही दुसरी. दुसऱ्या रीतीतही माणूस एकच असतो आणि त्याचा चालण्याचा वेग वाढलेला नसतो. वाट पाहण्यात जाणारा वेळ तो दुसऱ्या कामाला लावतो, एवढाच फरक. नेटवर्कवरच्या विनंतीचा जवळजवळ सगळा वेळ वाट पाहण्यातच जातो, म्हणून एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, हजारो विनंत्या एकमेकींत गुंफून चालवता येतात. हा एकटा माणूस म्हणजे इव्हेंट लूप. ‘इथे मला थांबावे लागणार आहे, तोवर तू दुसरीकडे जाऊन ये’, असे त्याला सांगणारा शब्द म्हणजे अवेट. पायथनमध्ये असिंकआयओ २०१४ साली ३.४ या आवृत्तीत आले, आणि असिंक व अवेट हे शब्द पुढच्या वर्षी ३.५ मध्ये भाषेत दाखल झाले.

दोष शोधण्यातली अडचण इथूनच सुरू होते. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली की कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी समोर येते आणि तिच्या आधाराने मुळापर्यंत जाता येते. असिंक्रोनस प्रोग्रॅममध्ये काम सोपवणारा भाग केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. काम कधीतरी नंतर फसते, आणि ज्या ठिकाणी त्याचा निकाल मागितला जातो त्या ठिकाणी ती चूक वर येते. निकाल कोणीच मागितला नाही तर ती बराच काळ वर येतच नाही. म्हणून चूक दिसली कुठे आणि चूक झाली कुठे, हे दोन प्रश्न सुरुवातीपासून वेगळे ठेवावे लागतात.

सर्वांत साधा दोष अवेट लिहायचे राहून जाण्याचा असतो. असिंक हा शब्द लावलेल्या फंक्शनला नुसती हाक मारली तर पायथन ते चालवत नाही. पुढे चालवता येईल अशी एक कोरूटीन आपल्या हातात देतो आणि थांबतो. डबा भरून दाराशी ठेवला, पण गिरणीत नेलाच नाही, असा हा प्रकार आहे. विनंती संगणकाबाहेर पडलेलीच नसते, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्येही तिची खूण सापडत नाही. पायथन अशा वेळी ‘कोरूटीन... वॉज नेव्हर अवेटेड’ असा इशारा देतो, पण तो एरर नसून वॉर्निंग असल्यामुळे प्रोग्रॅम पुढे चालत राहतो आणि भरगच्च लॉगमध्ये ती ओळ नजरेतून सुटते. एखादी विनंती हवेत विरून गेल्यासारखी वाटली, तर बाकी काही करण्याआधी लॉगमध्ये हे वाक्य शोधावे.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. यात डबा गिरणीत दिलेला असतो, पण पीठ आणायला कोणी गेलेले नसते. विनंती टास्क म्हणून, म्हणजे मागे आपली आपण चालणारे काम म्हणून, सुरू करून दिली आणि तिचा निकाल कधी मागितलाच नाही, तर तिच्यात आलेले एक्सेप्शन, म्हणजे चुकीची खबर, त्या टास्कच्या पोटातच राहते. ती टास्क मेमरीतून पुसली जाते तेव्हा कुठे ‘टास्क एक्सेप्शन वॉज नेव्हर रिट्रीव्ह्ड’ अशी ओळ छापली जाते. याचा अर्थ, त्या ओळीपुढे दिसणारी वेळ ही चूक झाल्याची वेळ नसते. टास्क एखाद्या यादीत साठवलेल्या असतील, तर प्रोग्रॅम संपताना या सगळ्या ओळी एकदम बाहेर पडतात आणि वाचणाऱ्याला शेवटच्या क्षणी काहीतरी कोसळले असे वाटते. याच्या उलट, टास्क कुठेच साठवली नाही तर वेगळाच धोका उभा राहतो: इव्हेंट लूप टास्कला घट्ट धरून ठेवत नाही, त्यामुळे तिच्याकडे दुसऱ्या कोणाचा निर्देश नसेल तर ती काम अर्धवट असतानाच नाहीशी होऊ शकते. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात हा इशारा स्पष्ट शब्दांत दिलेला आहे, तरी तो वाचलेले लोक मला क्वचितच भेटतात.

ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने २०२० साली १५ व्या आवृत्तीपासून यावर कडक भूमिका घेतली: प्रॉमिसमधली, म्हणजे नंतर निकाल देणाऱ्या कामातली, चूक कोणी पकडली नाही तर सगळा प्रोग्रॅमच थांबवायचा. हे कठोर वाटते, पण चूक लपून राहण्यापेक्षा काम थांबलेले परवडते, म्हणून मला हा निर्णय योग्य वाटतो. पायथनमध्ये ३.११ पासून टास्कग्रुप ही सोय मिळाली. त्यातली एक टास्क फसली तर तिच्या सोबतच्या टास्क रद्द होतात आणि चुका एकत्र करून वर दिल्या जातात. अनेक टास्क एकत्र चालवणाऱ्या त्याआधीच्या गॅदरची वागणूक निराळी आहे: पहिली चूक लगेच वर येते, पण बाकीच्या टास्क मागे चालूच राहतात, आणि आपण काम संपले असे समजून पुढे गेलेले असतो. ६,००० पानांसारख्या कामात मात्र एक पान फसले म्हणून बाकीची थांबावीत असे कोणालाच नको असते. तिथे प्रत्येक विनंतीची चूक त्या विनंतीच्या आतच पकडावी, आणि कोणत्या पानाची ती होती हे त्याच ओळीत नोंदवावे.

आता त्या रिकाम्या ओळींकडे वळू. त्यांचा उलगडा तासाभरात झाला. मी एक्सेप्शनचा केवळ मजकूर छापत होतो, आणि पायथनच्या टाइमआउटएररला पुष्कळदा मजकूरच नसतो. एक्सेप्शनच्या प्रकाराचे नाव छापायला लावताच सगळ्या ओळींत टाइमआउटएरर दिसू लागला. त्यावरून मी निष्कर्ष काढला की जुना सर्व्हर भाराखाली मंद होत असणार, आणि पुढचे कित्येक तास त्या सर्व्हरची मेमरी, त्याची डिस्क आणि त्याचे लॉग तपासण्यात घालवले. तिथे काहीच वावगे नव्हते. शेवटी कागदावर साधा गुणाकार केला तेव्हा खरे कारण समोर आले.

एआयओएचटीटीपीमध्ये विनंत्या ज्याच्यामार्फत जातात ते एक सेशन, आपण काही सांगितले नाही तर, एका वेळी १०० कनेक्शन उघडते. मी ६,००० विनंत्या एकदम सोडल्या, पण त्यातल्या १०० च बाहेर पडल्या. उरलेल्या ५,९०० कनेक्शन पूलच्या, म्हणजे कनेक्शनच्या त्या साठ्याच्या, दाराशी रांगेत उभ्या राहिल्या. याच लायब्ररीत एका विनंतीची एकूण मुदत मुळात ३०० सेकंद ठरवलेली आहे. कळीचा मुद्दा असा की ही मुदत विनंती बाहेर पडल्यापासून मोजली जात नाही, तर ती रांगेत उभी राहिल्यापासून मोजली जाते. माझ्याकडे एक पान उतरायला सुमारे ८ सेकंद लागत होते. म्हणजे दर ८ सेकंदांनी १०० पाने, आणि ३०० सेकंदांत अशा ३७ फेऱ्या पूर्ण होऊन ३,७०० पाने. तीनशेवा सेकंद उजाडला तेव्हा अडतिसाव्या फेरीतली १०० पाने अर्ध्या वाटेवर होती आणि २,२०० विनंत्यांनी एक बाइटसुद्धा पाठवलेला नव्हता. सगळ्यांची घड्याळे एकदम सुरू झाली होती, म्हणून ती एकदमच संपली. सर्व्हरला त्या २,२०० विनंत्यांची चाहूलदेखील नव्हती. त्या माझ्याच प्रोग्रॅमच्या रांगेत उभ्या असताना मुदतबाह्य झाल्या होत्या.

टाइमआउट म्हणजे समोरचा सर्व्हर मंद, हे समीकरण डोक्यातून काढून टाकायला हवे. टाइमआउट फक्त ‘ठरलेल्या वेळेत निकाल मिळाला नाही’ एवढेच सांगतो. तो वेळ कुठे गेला हे तो सांगत नाही. उपाय तसा सोपा होता. ६,००० टास्क निर्माण करण्याऐवजी पत्त्यांची एक रांग केली आणि तिच्यातून एकेक पत्ता उचलणारे मोजके कामगार ठेवले, त्यामुळे प्रत्येक विनंतीचे घड्याळ तिची पाळी आल्यावरच सुरू होऊ लागले. एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा सेमाफोर वापरूनही हेच साधते, फक्त सेमाफोर आधी मिळवावा आणि विनंती त्याच्या आत लिहावी. शिवाय एकच एकूण मुदत देण्यापेक्षा टप्प्यांच्या मुदती वेगळ्या देणे शहाणपणाचे असते: कनेक्शन जुळायला इतके सेकंद, आणि एकदा मजकूर येऊ लागल्यावर सलग इतके सेकंद एकही बाइट आला नाही तर सोडून द्यायचे. मोठी फाइल हळूहळू पण सातत्याने येत असेल, तर ती मध्येच तोडण्यात काही अर्थ नसतो.

या प्रसंगाने मला एक सवय लावली. विनंती किती सेकंदांनी फसली तो आकडा मी आता आधी बघतो, आणि तो आकडा गोल किंवा ओळखीचा असेल तर तिथे कोणाची तरी ठरवलेली मुदत उभी आहे असे धरून चालतो. खराखुरा मंदपणा कधीच इतका नेटका नसतो. तो कधी ७ सेकंद घेतो, कधी ११, कधी साडेतेरा. सारखे ३०० सेकंद दिसले तर ती आपल्याच लायब्ररीची मुदत असते. ६० सेकंदांनी ५०४ हा मुदत संपल्याचा कोड परत आला तर मध्ये एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ, असण्याची शक्यता मोठी, कारण मागच्या सर्व्हरकडून उत्तर वाचण्याची त्याची मूळ मुदत ६० सेकंद आहे. सुमारे १२७ सेकंद दिसले तर लिनक्सने कनेक्शन जुळवण्याचा पहिला संदेश पुन्हा पुन्हा पाठवून पाहिला आणि कोणीच उत्तर दिले नाही, असे समजावे. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ सेकंद अशी दुप्पट होत जाणारी वाट त्यात पाहिली जात असे आणि त्यांची बेरीज १२७ होते. आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला जवळजवळ नेमका ५ सेकंदांचा उशीर लागत असेल, तर नावाचा पत्ता शोधून देणारा पहिला डीएनएस सर्व्हर मुका झालेला असतो, कारण लिनक्समध्ये दुसऱ्याकडे वळण्याआधी मुळात ५ सेकंद थांबण्याचा प्रघात आहे.

यालाच लागून आणखी एक फरक सांगायला हवा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही चूक लगेच येते आणि ती एका अर्थी चांगली बातमी असते: त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, त्याने उत्तर दिले, फक्त त्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारा प्रोग्रॅम चालू नाही. काहीच उत्तर न येता वेळ संपला तर मात्र मधल्या एखाद्या फायरवॉलने आपले संदेश मुकाट्याने टाकून दिले असण्याचा संशय घ्यावा.

आता अशा दोषाकडे येऊ जो नेटवर्कचा वाटतो आणि नेटवर्कचा अजिबात नसतो. इव्हेंट लूप एकटा आहे. त्याला एखाद्या कोरूटीनने अवेट न करता दोन सेकंद अडवून ठेवले, तर त्या दोन सेकंदांत बाकी कोणत्याच विनंतीचे काम पुढे सरकत नाही. सर्व्हरकडून आलेली उत्तरे दाराशी पडून राहतात. प्रोग्रॅमला नुसते थांबवणारे टाइम स्लीप, रिक्वेस्ट्ससारखी अवेट न वापरणारी साधी लायब्ररी, मोठी जेसन फाइल उलगडणे, चित्र लहान करणे, डेटाबेसला जुन्या पद्धतीने विचारणे, यांपैकी काहीही असिंक फंक्शनमध्ये लिहिले की हे घडते. याची खूण अशी: एकमेकांशी संबंध नसलेल्या, वेगवेगळ्या सर्व्हरकडे गेलेल्या विनंत्या एकाच क्षणी मंदावतात. तीन वेगळे सर्व्हर एकाच वेळी थकत नाहीत. त्या तिघांमध्ये समान गोष्ट एकच असते, आणि ती म्हणजे आपला प्रोग्रॅम. असिंकआयओची डीबग पद्धत चालू केली तर १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवणाऱ्या प्रत्येक तुकड्याचे नाव लॉगमध्ये येते. संशय असो वा नसो, नवा प्रोग्रॅम निदान एकदा या पद्धतीने चालवून पाहावा. मी पाहिलेल्या ‘नेटवर्क मंद आहे’ अशा तक्रारींपैकी कित्येक तेवढ्यानेच मिटल्या.

अशी अडवणारी कामे थ्रेडकडे सोपवावीत, असा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो बरोबरही आहे. पण त्यात एक खाच आहे. असिंकआयओचा थ्रेडचा साठा मर्यादित असतो: प्रोसेसरच्या कोअरची संख्या अधिक चार, आणि फार तर ३२. दोन कोअरच्या छोट्या सर्व्हरवर म्हणजे फक्त ६ थ्रेड. वेगळी सोय केलेली नसेल तर डीएनएसची चौकशीसुद्धा याच सहांपैकी एका थ्रेडवर होते. समजा, आपण चित्रे लहान करण्याची सहा जड कामे त्या थ्रेडना दिली. तर ती संपेपर्यंत कोणत्याही नव्या सर्व्हरचे नाव उलगडत नाही. लूप मोकळा दिसतो, डीबगमध्ये काही सापडत नाही, आणि तरीही नव्या विनंत्या पहिल्याच पायरीवर खोळंबून राहतात. जड कामांसाठी थ्रेडचा स्वतंत्र साठा करून ठेवला की हा गुंता सुटतो.

यापुढची पायरी म्हणजे विनंतीच्या प्रवासाचे टप्पे सुटे करून मोजणे. नाव उलगडणे, टीसीपी कनेक्शन जुळणे, एन्क्रिप्शनसाठीची टीएलएस बोलणी, विनंती पाठवून उत्तराचा पहिला बाइट येणे, आणि उरलेला मजकूर उतरणे, असे साधारण पाच टप्पे असतात, आणि त्यांच्याआधी पूलमधली वाट हा सहावा. कमांड लाइनवरून विनंती पाठवणाऱ्या कर्ल या साधनाला सांगितले तर ते शेवटच्या विनंतीच्या या वेळा छापून देते, पण त्या सगळ्या सुरुवातीपासून मोजलेल्या असतात, त्यामुळे टप्प्याचा वेळ काढायला आधीचा आकडा वजा करावा लागतो. समजा, नाव ०.००४ सेकंदांवर उलगडले, कनेक्शन ०.०५२ वर जुळले, टीएलएस ०.१५८ वर संपले, पहिला बाइट २.९०० वर आला आणि सगळे ३.००० वर पूर्ण झाले. वजाबाकी केली की तीन सेकंदांपैकी २.७४२ सेकंद सर्व्हरने विचार करण्यात घालवले हे दिसते. इथे नेटवर्कला दोष देऊन काही हाती लागणार नाही. आणि कर्लला सगळे अर्ध्या सेकंदात मिळत असताना आपल्या प्रोग्रॅमला दहा सेकंद लागत असतील, तर दोष बाहेर नसून आत आहे हे पक्के होते. एआयओएचटीटीपीमध्ये ट्रेसकॉन्फिग ही सोय वापरून हेच टप्पे प्रोग्रॅमच्या आतूनही मोजता येतात, पूलमधल्या वाटेसह. ती मी आधी वापरली असती, तर तो दिवस वाचला असता.

मोजताना दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यावा आणि तिच्या प्रत्येक ओळीत तो छापावा, कारण असिंक्रोनस लॉगमध्ये शेजारशेजारच्या दोन ओळी बहुधा दोन वेगळ्या विनंत्यांच्या असतात आणि नुसते वरून खाली वाचत गेले तर भलतीच गोष्ट तयार होते. दुसरे म्हणजे अंतर मोजायला भिंतीवरचे घड्याळ न वापरता मोनोटॉनिक घड्याळ वापरावे, जे मध्येच मागेपुढे सरकत नाही.

काही चुका दिवसातून दोनचारदाच येतात आणि माणसाला वेड लावतात. त्यांतली एक नेहमीची म्हणजे सर्व्हर ‘डिस्कनेक्ट’ झाल्याची किंवा कनेक्शन ‘रीसेट’ झाल्याची. दरवेळी नवे कनेक्शन जुळवणे महाग पडते, म्हणून क्लायंट, म्हणजे विनंती पाठवणारा आपला प्रोग्रॅम, वापरलेले कनेक्शन काही काळ जपून ठेवतो. एआयओएचटीटीपीमध्ये हा काळ मुळात १५ सेकंद आहे. सर्व्हरही ते काही काळ उघडे ठेवतो, पण त्याचा काळ त्याने स्वतः ठरवलेला असतो: एनजिनएक्समध्ये मुळात ७५ सेकंद, तर नोडच्या सर्व्हरमध्ये अनेक वर्षे तो फक्त ५ सेकंद होता. सर्व्हरने पाचव्या सेकंदाला दार लोटून घेतले आणि ती बातमी वाटेत असतानाच आपण त्याच कनेक्शनवर नवी विनंती पाठवली, की ती बंद दारावर आपटते. सतत वर्दळ असते तेव्हा कनेक्शन रिकामे राहतच नाही, त्यामुळे ही चूक दिसत नाही; वर्दळ विरळ असते तेव्हा ती डोके वर काढते. भाराची चाचणी करून ती सापडत नाही ती यामुळेच. क्लायंटचा जपण्याचा काळ सर्व्हरच्या काळापेक्षा कमी ठेवला की ती जवळजवळ नाहीशी होते. कनेक्शन जपण्याचा कंटाळा करून प्रत्येक विनंतीसाठी नवे सेशन उघडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास दरवेळी टीएलएसची बोलणी नव्याने करावी लागतात, आणि ती सेशन बंद करायची राहिली तर लिनक्समधली एका प्रक्रियेसाठीची उघड्या फायलींची नेहमीची १,०२४ ची मर्यादा लवकरच गाठली जाते.

विनंती फसली की ती पुन्हा पाठवण्याचा मोह होतो. इथे मात्र थांबून विचार करायला हवा. उत्तर मिळाले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही; कदाचित सर्व्हरने काम पूर्ण केले आणि परतीचे उत्तरच हरवले. पान मागणारी गेट विनंती दहा वेळा पाठवली तरी बिघडत नाही. पैसे वळते करणारी पोस्ट विनंती दोनदा गेली, तर कोणाच्या तरी खात्यातून दोनदा पैसे जातात. अशा विनंतीला एक अनन्य क्रमांक जोडून, तोच क्रमांक पुन्हा दिसल्यास काम पुन्हा न करण्याची जबाबदारी सर्व्हरने घेतलेली असेल तरच ती पुन्हा पाठवावी. आणि जिथे पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे तिथेही प्रत्येक प्रयत्नागणिक थांबण्याचा वेळ दुप्पट करावा व त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा. तो मिसळला नाही तर एकाच क्षणी फसलेल्या हजार विनंत्या पुन्हा एकाच क्षणी परत येतात आणि सावरू पाहणाऱ्या सर्व्हरला पुन्हा पाडतात. सर्व्हरने ४२९ (फार विनंत्या झाल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या बंद) या कोडसोबत किती वेळ थांबायचे तेही कळवले असेल, तर स्वतःचे गणित बाजूला ठेवून ते पाळावे.

माझ्या पानांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुरुस्तीनंतर मी एकाच वेळच्या विनंत्या १०० वरून २० वर आणल्या. काम लांबेल अशी माझी अपेक्षा होती, पण एकूण वेळ तोच भरला: सुमारे आठ मिनिटे. एकेक पान साधारण १ मेगाबाइटचे होते आणि जुन्या सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइटची. १०० विनंत्या एकदम गेल्या की ती रुंदी शंभर जणींत वाटली जाऊन प्रत्येकीला ८ सेकंद लागत. २० गेल्या की प्रत्येकीला १.६ सेकंद. म्हणजे ते ८ सेकंद हीसुद्धा सर्व्हरची संथ चाल नव्हती, तर मीच केलेली गर्दी होती.

त्या फेरीत एकही विनंती मुदतबाह्य झाली नाही. तरी उतरलेल्या फायली आकारानुसार लावून पाहिल्या तेव्हा ११ फायली अगदी एकसारख्या, जेमतेम दीड किलोबाइटच्या निघाल्या. उघडून पाहिल्या तर त्यांत चित्र नव्हते, ‘पान सापडले नाही’ असा मजकूर होता. ४०४ हा कोड आला तरी ही लायब्ररी आपणहून एक्सेप्शन देत नाही, तसे तिला वेगळे सांगावे लागते. विनंती पाठवणारा जावास्क्रिप्टचा फेचही याच रीतीने वागतो, कारण त्यांच्या दृष्टीने उत्तर मिळाले म्हणजे विनंती पार पडली. माझ्या प्रोग्रॅमने ते उत्तर इमानाने चित्राच्या नावाने लिहून ठेवले होते. स्थिती कोड तपासणारी एक ओळ वाढवली आणि त्या ११ पानांची यादी ग्रंथपालांकडे दिली. मूळ अंक कपाटात होते. ती पाने पुन्हा स्कॅन करून त्यांनी आठवड्याभरात पाठवली.